वल्ही जमा करायची जागा

स्ताराया गुबा,
१९ जून १९५८

प्रिय कार्नाताई,

धाकट्याचा नमस्कार. मी इथे खुशाल आहे, तूही तशीच असशील असं धरून चालतो. खोकला कसा आहे? धुरीघरात दाराच्या बाजूला उभी राहत जा, आत भिंतीकडे नको, हे मी तुला लहानपणापासून सांगतोय आणि तू लहानपणापासून ऐकत नाहीस. वाटेत जे साहेब हे पाकीट उघडून वाचतील त्यांनाही नमस्कार. माझं अक्षर वाईट आहे, त्यांनी डोळे जपावेत.

तुझं मे महिन्यातलं पत्र परवा पोचलं. मोजेही पोचले, त्यातला एक लांब आणि एक आखूड आहे. दिव्याखाली बसून विणतेस ते सोड आता. इथे जूनमध्येसुद्धा मोजे लागतात, पण दिवा मात्र लागत नाही. या महिन्यात इकडे रात्रच पडत नाही. सूर्य खाडीच्या काठावर येऊन टेकतो, जरा दम खातो आणि पुन्हा वर चढतो. मी जिच्याकडे राहतो ती उस्तिन्या आजी खिडकीला घोंगडी बांधून झोपते, पण तिचा कोंबडा वेळीअवेळी आरवून सगळ्यांना उठवतो. ती म्हणते, "या कोंबड्याला आणि या बेटकराला, दोघांनाही झोपायचं कधी ते कळत नाही." बेटकर म्हणजे मी. आपल्या बॉर्नहोम बेटावरून आलेल्या आम्हा सगळ्यांना इथे बेटकरच म्हणतात. आपण घरी यांच्या देशाला 'थोरला' म्हणतो, हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही.

रजेचं विचारलंस. ते खाली लिहितो.

आधी मोठी बातमी. मी आता धुरीघरात नाही. हेरिंग मासे धुरावर कसे धरायचे ते शिकवायला आम्हाला इथे आणलं, पण त्यांची पोरं महिन्याभरात शिकली आणि आम्ही उगाचच लाकडं फोडत बसलो होतो. एप्रिलमध्ये बर्फ फुटलं, आणि त्याच आठवड्यात कारखान्याचा होडीवाला धक्क्यावरून घसरून पाय मोडून घेऊन बसला. मॅनेजरबाई धुरीघराच्या दारात आल्या आणि विचारलं, होडी कुणाला चालवता येते?

ताई, तुला माहीत आहे आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारला तर काय करतात. आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागलो. समुद्रावर जन्मलेली माणसं, आणि एकाचाही हात वर नाही. बाई चकित झाल्या. म्हणाल्या, तुम्ही बेटावरचे ना? मला काय झालं कोण जाणे, माझा हात वर गेला. शेजारी उभ्या असलेल्या प्रेबेननं तो खाली ओढायला बघितलं, पण तोवर त्यांनी पाहिलं होतं. मला वाटलं आता विचारतील, कुठे जायचंय तुला? त्यांनी विचारलं, "मोटर की वल्ही?" मी म्हटलं, दोन्ही. म्हणाल्या, "मग उभा काय राहिलास?"

तर आता मी मोटरहोडीवर आहे. नदीनं वर चार गावं आहेत, तिथे मीठ, पीठ, रिकामी पिंपं घेऊन जायचं आणि मासे घेऊन यायचं. कधी नर्सबाई असतात, कधी शाळेचे मास्तर, एकदा एक बकरी होती जिनं माझी टोपी खाल्ली. पाणी उथळ झालं की मोटर बंद करून वल्ही मारायची. पुढे आता जे सांगणार आहे ते वाचून तू हसशील, आणि ते साहेबही हसतील. त्यांनी हसावं, आपल्या हासले बंदरातल्या चौकीवर तर ही गोष्ट पाटीवरच लिहिलेली आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी होडी बांधली, वल्ही खांद्यावर टाकली, मोटरचं हँडल काढून खिशात घातलं आणि निघालो चौकी शोधायला. चौकी गावाच्या दुसऱ्या टोकाला, माळावर. तिथे हवालदार येफिम एकटाच कांदा सोलत बसला होता. मी वल्ही भिंतीला लावली, हँडल टेबलावर ठेवलं, आणि टोकन मिळायची वाट बघत उभा राहिलो. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. शेवटी त्यानं मला चहा दिला. मी प्यायलो आणि घरी आलो. सकाळी जाऊन वल्ही घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याला वाटलं वल्ही मोडली आहेत आणि मी दुरुस्तीला टाकतोय. नंतर वाटलं मला ती त्याला विकायची आहेत. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यानं गावातल्या लोहाराला बोलावून आणलं, की या पोराला विचार बाबा, याला नक्की पाहिजे काय.

मग मी त्यांना सांगितलं. आमच्याकडे संध्याकाळ झाली की प्रत्येक होडीची वल्ही चौकीवर जमा करतात, मोटर असेल तर हँडलही, आणि पितळी टोकन घेतात. सकाळी टोकन दिलं की वल्ही परत. आणि ज्याच्या घरातलं कुणी पलीकडे गेलेलं असतं, त्याला टोकनच मिळत नाही.

"पलीकडे म्हणजे?" येफिमनं विचारलं.

मी म्हटलं, स्वीडन. आमच्या किनाऱ्यावरून हवा स्वच्छ असली की संध्याकाळी तिकडचे दिवे दिसतात.

येफिमनं खिडकीतून बाहेर पाहिलं. वर बर्फाळ समुद्र, खाली दलदल आणि जंगल. मग तो इतका हसला की कांदा हातातून पडला. म्हणाला, "अरे बेटकरा, ने ती वल्ही. कुठे जाशील? जाऊन जाऊन परत जेवायलाच येशील ना."

आता अख्खं गाव मला बघितलं की विचारतं, वल्ही जमा केलीस का रे? उस्तिन्या आजी तर रात्री जेवण झाल्यावर स्वतःचा लाकडी चमचा माझ्या हातात देते, "हा जमा करून ये" म्हणून. पण मी चिडत नाही. तुला ठाऊक आहे मी किती लवकर चिडायचो, इथे काय झालंय कळत नाही.

माझं वजन वाढलंय. आजी अख्खा मासा, डोक्याशेपटीसकट, पिठाच्या गोळ्यात गुंडाळून भट्टीत ठेवते, आणि वरचं कवच फोडून खायचं. तुझ्या धुरावरच्या हेरिंगवर कच्च्या अंड्याचा पिवळा बलक टाकून खातो तसं सुख त्यात नाही, पण पोट भरतं.

कागद संपत आला. रजेचं पुढच्या पत्रात. मोगेन्सकाकांना नमस्कार सांग.

तुझा धाकटा,
विलाड्स


स्ताराया गुबा,
२२ जुलै १९५८

कार्नाताई,

हे पत्र टपालानं येत नाही. प्रेबेनची मुदत संपली, तो घरी चाललाय, आणि हे त्यानं बुटात तळव्याखाली घालून आणलं असेल. म्हणून वास येत असेल तर तो प्रेबेनचा आहे, माझा नाही. वाचून झालं की धुरीघराच्या आगीत टाक. त्याला पाव आणि मासा दे, पण बोलायला बसवू नकोस. माझ्याबद्दल तो जे सांगेल ते सगळं खरं आहे, फक्त त्याच्या तोंडून ते वाईट वाटतं.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "चार पानं वल्ह्यांवर लिहिलीस, रजेवर एक ओळ नाही. कागद संपला म्हणतोस, मागची बाजू कोरी होती." हो ताई, कोरी होती. मी ती किती वेळ बघत बसलो होतो.

तर ऐक. रजा मंजूर झाली आहे. ऑगस्टची, तू म्हणालीस तीच, हेरिंगच्या हंगामातली. जूनमध्येच मंजूर झाली होती. मॅनेजरबाईंनी स्वतः बोलावून कागद हातात दिला. मी तो परत केला.

मी येणार नाही.

आता हे लिहून झालं, तर पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. उस्तिन्या आजी समोर बसून मासे साफ करतेय आणि विचारतेय, कुणाला लिहितोस एवढं तोंड करून? मी म्हटलं, बहिणीला. ती म्हणाली, मग बाहेर जाऊन लिही, बहिणीला लिहायचं ते घरात लिहू नये. का ते तिनं सांगितलं नाही. तर मी आता धक्क्यावर पिंपावर बसून लिहितोय, डास चावतायत, अक्षर त्यामुळे असं.

गेल्या शरदात मी निघालो तेव्हा बोटीजवळ तू माझा गळपट्टा नीट करायच्या निमित्तानं कानात सांगितलंस: पुढच्या ऑगस्टला रजा घेऊन ये, मोगेन्सकाकांना रात्रीच्या मासेमारीचा परवाना मिळणार आहे, जाळ्यांखाली दोन माणसांची जागा आहे, आणि अर्ध्या समुद्रात पलीकडे गेलेला ह्याल्मार त्याची बोट घेऊन उभा असेल. मी बोचकं उचलून बोटीवर चढलो. तुला वाटलं, मला आनंद झाला. खरंच आनंद झाला होता. पूर्ण हिवाळा मी धुरीघरात लाकडं फोडताना तेच घोकत होतो. स्वीडनला जाऊन काय करायचं ते ठरवत होतो, आणि दर वेळी ठरवत ठरवत एका जागी येऊन थांबायचो. मी, एकटा, होडीत, आणि किनाऱ्यावरून कुणी शिट्टी मारत नाही. त्याच्या पुढचं काही दिसायचंच नाही.

एप्रिलमध्ये ते मला इथेच मिळालं.

हे तुला वेड्यासारखं वाटेल, मला माहीत आहे. मलाही वाटतं. ज्यांनी आपली वल्ही काढून घेतली त्यांच्याच घरात जाऊन मला वल्ही मिळाली. पण तशीच गोष्ट आहे. इथून पळून जायला जागा नाही, म्हणून इथे कुणाला कुणावर पहारा ठेवायची गरज वाटत नाही. आपलं बेट चिमूटभर, आणि पलीकडचे दिवे दिसतात, म्हणून आपल्याकडे पोराटोरांचे खेळसुद्धा टोकनाचे. तुला आठवतं ना, मास्तरांनी आम्हाला नकाशात डेन्मार्क एका रंगानं आणि त्यातलंच आपलं बेट दुसऱ्या रंगानं रंगवायला लावलं होतं. "वसंत आला की जाऊ" म्हणून लढाईनंतर आलेली थोरल्याची माणसं, कितीतरी वसंत आले आणि गेले, आणि आम्ही रंगवत बसलो, बॉर्नहोमचं लोकराज्य. मी माझं बेट रंगवलंच नाही, पांढरं ठेवलं. तुला मास्तरांनी बोलावून घेतलं होतं. शाळा मी नंतर सोडली, पण सुटली ती त्या दिवशी.

मला बेटावर सगळे म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे, हा कुठल्या कामाला टिकत नाही. दगडाच्या खाणीत टिकलो नाही, धुरीघरात टिकलो नाही. ताई, मी इथे एप्रिलपासून एक दिवस खाडा केलेला नाही. नदीचं पाणी रोज वेगळं असतं, वाळूचे बांध सरकतात, काल जिथून गेलो तिथून आज जाता येत नाही. वरच्या गावातली माणसं मोटरचा आवाज ऐकून धक्क्यावर येतात. कुणाला सुया हव्या असतात, कुणाला सांगावा द्यायचा असतो. थांबायचंच नसतं, आणि रोज परत यायचं असतं. परत यायला मला आवडतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

एकदा, जूनच्या मध्यावर, खाडीच्या मधोमध मी मोटर बंद केली. मासे भरलेले, उशीर झालेला, आणि सूर्य तसाच बसलेला. घरी आपण ज्या वेळी दारं लावून घेतो ती वेळ. मी होडीत आडवा झालो. कुणी दिवा मारला नाही, कुणी हाक दिली नाही. बाजूनं एक सील डोकं वर काढून बघून गेला. त्या वेळी मला कळलं की मला पळून जायचं कधी नव्हतंच. मला फक्त होडी हवी होती.

इथलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. दुकानात वाटाण्याच्या डब्यांशिवाय काही नसतं. आजीचा नवरा आणि दोन मुलं लढाईत गेली, आणि गावात अशी घरं जास्त आहेत, तशी नसलेली कमी. येफिम दर महिन्याला माझ्यावर एक पान लिहून वर पाठवतो. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून तो मलाच विचारतो काय लिहू. मागच्या महिन्यात त्यानं लिहिलं, "बेटकर गातो. चांगलं गात नाही." ही माणसं काय आहेत आणि त्यांच्या वरची काय आहेत ते मला कळतं, मी खुळा नाही. पण मी ज्यांच्याबरोबर जेवतो ती ही आहेत.

प्रेबेनला हे सांगितलं तेव्हा आम्ही न्हाणीघराच्या पायरीवर अंग वाळवत बसलो होतो. पलीकडच्या बेताचं त्याला माहीत नाही, घाबरू नकोस. फक्त मी राहणार एवढंच सांगितलं. तो बराच वेळ पाय पुसत राहिला.

"म्हणजे तू इथे खूश आहेस."

"आहे."

"हे मी हासलेत जाऊन सांगायचं? धक्क्यावर, सगळ्यांसमोर? की विलाड्स थोरल्याच्या मांडीवर बसलाय आणि म्हणतो उबदार आहे?"

"सांग."

"लोक थुंकतील तुझ्या नावावर."

"थुंकू देत. तोंड धुवायला मला इथे अख्खी नदी आहे."

तो हसला नाही. मग म्हणाला, "तुझी बहीण नाही थुंकणार. पण ती काय करेल तेही मला सांगता येत नाही." आणि आत निघून गेला. मला वाटतं म्हणूनच तो हे पत्र न्यायला तयार झाला.

आता तू काय करशील ते. तू म्हणशील, ठीक आहे, तू येत नाहीस तर मीही जात नाही. मला तू हे म्हणतानासुद्धा दिसतेस, एप्रनला हात पुसत. म्हणून मी येत नाही ही बातमी आधी सांगितली आणि खरी गोष्ट आता लिहितोय.

तू सहा वर्षांपूर्वीच गेली असतीस.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मोगेन्सकाकांबरोबर मी जाळी विणत होतो. त्यांनी थोडी घेतली होती. त्यांनी सांगितलं की ह्याल्मार गेला त्या रात्री त्याच्या बोटीत तुझी जागा होती. तू बोचकं घेऊन किनाऱ्यापर्यंत आली होतीस. आणि परत फिरलीस, कारण मी तापानं फणफणलो होतो. सकाळी तू मला लापशी भरवलीस आणि म्हणालीस, ह्याल्मार न सांगता निघून गेला. गावानं त्याला किती नावं ठेवली. तू ऐकून घेतलीस, आणि मीही ठेवली, तुझ्यासमोर. तू नुसतं चमच्याकडे बघत होतीस.

मी तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मला ते मानावं लागलं असतं.

आता मला ताप नाही, ताई.

तू मनात म्हणत असशील की हा आता मोठेपणा दाखवतोय, माझ्यासाठी मागे राहतोय. म्हणून तर मी तुला ती वल्ह्यांची चार पानं लिहिली होती. तुला चुकवायला लिहिली हे खरं, पण त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मी तुझ्यासाठी काही सोडत नाहीये. मला ह्याल्मारच्या घरात, त्याच्या हाताखाली, त्याच्या बोलीत नवं आयुष्य काढायचं नाही. तुला काढायचं आहे. तू सहा वर्षं मोजे विणतेस त्यातला एक लांब येतो, तो लांब पाय कुणाचा आहे ते मला माहीत आहे. तो माझा नाही.

आता व्यवहाराचं. मी ऑगस्टला आलो तर ते माझ्यावर नजर ठेवतील. थोरल्याकडून रजेवर आलेल्या प्रत्येकावर ठेवतात, पहिले काही दिवस तर दारातच बसतात. मोगेन्सकाकांची बोट ते उलटीपालटी करतील. मी नाही आलो तर तुझ्याकडे कुणी बघणार नाही. एक धुरीघरातली बाई, भाऊ परदेशात कष्ट करतोय, सगळं सुरळीत. म्हणून माझं न येणं हेच तुझ्या जागेचं भाडं समज.

माझं काय होईल याची काळजी नको. विचारतील. येफिम येईल, तोंड पाडून बसेल, मी म्हणेन मी वर्षभर इथून हललेलो नाही, गावाला विचारा. आणि शिक्षा म्हणून मला पाठवतील तरी कुठे? लोकांना शिक्षा म्हणून जिथे पाठवतात तिथेच तर मी राहतो, आणि मला आवडतं. फार तर घरी जायची परवानगी काढून घेतील. तू नसलीस तर मला त्या घरी जाऊन करायचं काय आहे?

दुसरी जागा रिकामी ठेवू नकोस. आईच्या शिवणयंत्राचा वरचा भाग सुटा होतो, तो पोत्यात बांधून ने. मोगेन्सकाका कुरकुरतील, म्हणतील माणसं नेतोय की सामान. त्यांना सांग, विलाड्सच्या वजनाइतकंच आहे. तुला बोट लागते, म्हणून दुपारी कोरडा पाव खा, मासा अजिबात नको. जाळ्याखाली डोकं पाठीमागच्या बाजूला ठेव, तिथे हलतं कमी. वास येईल, पण धुरीघरात आयुष्य काढलेल्या बाईनं वासाची तक्रार करू नये. पहाटे आपला किनारा मागे दिसेल. बघायचा तर बघ, नाही तर नको. मी येताना बघितला होता, त्यानं काही बिघडलं नाही.

ह्याल्मारला सांग, मी त्याला जी नावं ठेवली ती मी परत घेतो. आणि त्याला हेही सांग की तो सहा वर्षं थांबला म्हणून मी त्याला माणूस मानतो, नाही तर मी तुला त्या होडीत बसू दिलं नसतं.

मी लग्नाला नसेन. कुणीतरी गाणं म्हणेलच. तू नाच, तू चांगली नाचतेस, तुला कुणी बघितलेलं नाही म्हणून तुला माहीत नाही. मी बघितलंय, धुरीघरात, एकटी असताना, शेवटचा घाणा उतरल्यावर.

आणखी एक, शेवटचं. या पत्राला उत्तर लिहू नकोस. पलीकडे गेल्यावर तर मुळीच नको, तिकडून इकडे पाकीट आलं तर ते येफिमच्या टेबलावर जाईल आणि त्याला एक पान जास्त लिहावं लागेल. महिन्यातून एकदा मोठ्या बोटीनं टपाल येतं. ऑगस्टनंतर त्यात तुझं पत्र असलं, तर मी समजेन की तू अजून तिथेच आहेस, भिंतीकडे उभी राहून खोकतेस, आणि मी तुझ्याशी कधी बोलणार नाही. नसलं, तर तू पोचलीस. सप्टेंबरात नाही आलं तर पोचलीस, ऑक्टोबरात नाही आलं तर सुखात आहेस, नाताळला नाही आलं तर घरात लहान मूल यायचं आहे असं मी समजेन. मग पुढे जे जे समजायचं ते मी दर महिन्याला इथे बसून समजत जाईन. बोटीवरचा माणूस ओरडून सांगेल, बेटकरा, तुझं काही नाही, आणि मी बरं म्हणेन, आणि खुशीत कामाला लागेन.

तुझा धाकटा, आता मोठा झालेला,
विलाड्स